एका गोलने सारखं हरताय? आधी एक वही घ्या

मागच्या सीझनला आमच्या फुटबॉल टीमने अकरा मॅच खेळल्या, सात हरलो आणि त्या सातपैकी सहा एका गोलने. १-०, २-१, ३-२, परत १-०. दर रविवारी मॅच संपली की नेरुळच्या मैदानाबाहेर वडापावच्या गाडीपाशी तेच बोलणं, आज नशीबच नव्हतं, रेफ्रीने पेनल्टी खाल्ली, पोरांमध्ये जिगरच नाही. मी टीमचा कोच म्हणा, मॅनेजर म्हणा, दोन्ही कामं माझ्याकडेच आहेत. सातव्या हरलेल्या मॅचनंतर आमचा सतरा वर्षांचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा डिफेंडर, शिनगार्डपण न काढता पायरीवर बसून राहिला, सगळे गेले तरी उठेना, आणि मी जवळ गेलो तर म्हणाला, "दादा, मी टीम सोडतो, माझ्याच साईडने गोल होतायत."

ते ऐकल्यावर मला झोप लागली नाही. त्याच रात्री मी शंभर पानी वही काढली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पडलेले मॅचचे व्हिडिओ, पोरांच्या आठवणी, स्कोअरशीट, जे हाताला लागलं त्यावरून खाल्लेला एकेक गोल लिहून काढला. त्यातून जे दिसलं ते त्या पोराचं नव्हतं, माझं होतं. तुमची टीम पण अशीच थोडक्यात हरत असेल तर मी जे केलं ते क्रमाने सांगतो, तुमच्या टीमप्रमाणे बदल करून घ्या.

आधी बघा, हरणं खरंच थोडक्यात आहे का

फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, मोठ्या लीगमध्ये पण दोन्ही टीम मिळून मॅचला सरासरी अडीच-तीन. म्हणजे एक डिफ्लेक्शन, एक घसरलेला पाय, आणि निकाल बदलला. २०२२ ला आपल्या नेरुळच्याच डी वाय पाटील स्टेडियममध्ये अंडर-१७ मुलींच्या वर्ल्डकपची फायनल झाली, स्पेन १, कोलंबिया ०, आणि तो एकमेव गोल कोलंबियाच्याच एका मुलीचा ओन गोल, म्हणजे चुकून आपल्याच गोलमध्ये गेलेला बॉल, ८२व्या मिनिटाला. अशा मॅचवरून कोलंबियाची टीम कमकुवत होती असं कोण म्हणेल?

म्हणून स्कोअर बाजूला ठेवा आणि चान्स मोजा. सोपी पद्धत सांगतो. मनातल्या मनात दोन्ही पोस्टपासून पेनल्टी बॉक्सच्या रेषेपर्यंत एक पट्टा आखा, गोलच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त. त्या पट्ट्यातून पायाने मारलेला मोकळा शॉट म्हणजे मोठा चान्स. लांबून मारलेले, कडेच्या कोनातून मारलेले, गर्दीत डोक्याला लागून गेलेले मोजू नका, ते क्वचितच आत जातात. बेंचवर बसलेल्या एका सबला, म्हणजे बदली प्लेयरला, कागद-पेन द्या, आमच्याचे किती, त्यांचे किती, बस. पाच-सहा मॅचचे आकडे जमले की मग बघा.

तुमचे मोठे चान्स समोरच्यांपेक्षा बरेच जास्त असतील आणि तरी हरत असाल, तर कृपया टीम मोडू नका, फॉर्मेशन बदलू नका, फिनिशिंगवर काम करा आणि थांबा. आकडे बरोबरीचे असतील तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. आणि समोरच्यांना दरवेळी दुप्पट चान्स मिळत असतील आणि कीपर वाचवतोय म्हणून १-० वर भागत असेल, तर तुम्ही थोडक्यात हरत नाही, तुम्ही चांगलेच हरताय, मग आधी बेसिकवर काम करा, पहिला टच, पास, पोझिशन. आमचे आकडे जवळजवळ बरोबरीचे निघाले.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक खाल्लेल्या गोलला एक ओळ. कितवं मिनिट, त्या वेळी स्कोअर काय होता, गोलच्या दहा सेकंद आधी बॉल कुठे होता आणि कोणाकडे होता, आणि त्या वेळी आपले किती जण बॉलच्या मागे होते. शेवटचे दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे. आपण सगळे गोलच्या क्षणाला बघतो, कीपर का नाही पडला, बॅकने का नाही अडवला, पण चूक बहुतेक वेळा दहा सेकंद आधी, साठ मीटर लांब झालेली असते.

आणि एक नियम, वहीत नाव लिहायचं नाही, जागा लिहायची. "लेफ्ट बॅक एकटा, समोर दोन" असं लिहा. नाव लिहिलं की वही आरोपपत्र होते आणि पोरं खरं सांगायचं बंद करतात.

व्हिडिओसाठी मोठा खर्च लागत नाही. कोणाचा तरी मोबाईल, एक उंच ट्रायपॉड किंवा मैदानाच्या जाळीच्या खांबाला बांधायचा क्लॅम्प, हाफवे लाईनच्या समोर, जमेल तितका उंच. झूम करू नका, पूर्ण मैदान दिसू दे. नुसता बॉल दिसणाऱ्या व्हिडिओतून काहीच कळत नाही.

आमच्या वहीत सात मॅचचे तेरा गोल होते. त्यातले दोन पहिल्या पाच मिनिटांत, दोन आम्ही गोल मारल्यावर लगेच, पाच शेवटच्या दहा मिनिटांत, आणि त्या पाचपैकी तीन आमच्याच कॉर्नरवरून उलटे आलेले. ते वाचलं तेव्हा मी दोनदा मोजलं. लेफ्ट बॅकच्या साईडने गोल होत होते हे खरंच, पण तिन्ही वेळा तो बिचारा मागे एकटा होता, कारण बाकी सगळ्यांना मीच पुढे पाठवलं होतं.

पहिली पाच मिनिटं

हे सगळ्यात सोपं आहे म्हणून आधी उरकतो. आमची पोरं ऐरोली, घणसोली, ठाणे, खारघर अशी विखुरलेली, मॅच रविवारी, आणि रविवार म्हटलं की मेगाब्लॉक. दोन जण उशिरा यायचे, धावत कपडे बदलायचे आणि वॉर्मअप न करता थेट उतरायचे. त्यांचा पहिला स्प्रिंट हा मॅचमधलाच पहिला स्प्रिंट, मग पहिला बॉल हुकणारच.

आता शनिवारी संध्याकाळीच ट्रान्सहार्बर आणि हार्बर लोकलचा ब्लॉक बघून ग्रुपवर टाकतो आणि रिपोर्टिंग मॅचच्या पाऊण तास आधी. जो उशिरा येईल तो कितीही भारी प्लेयर असला तरी बेंचवरून सुरू करेल. वॉर्मअपमध्ये वीस मिनिटं द्या, शेवटची पाच मिनिटं खऱ्या स्पीडने, टॅकल आणि हेडर सकट. आणि पहिली पाच मिनिटं आमच्या हाफमध्ये शॉर्ट पास बंद, बॉल पुढे, लांब, त्यांच्या बॅकच्या मागे. दिसायला चांगलं नाही, पण पाय मोकळे होईपर्यंत चालतं.

गोल मारल्यावरचं मिनिट

२०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपची ती मॅच आठवते का, दिल्लीला, भारत विरुद्ध कोलंबिया? ८२व्या मिनिटाला कॉर्नरवर जेक्सन सिंगने हेडर मारला, भारताचा वर्ल्डकपमधला पहिला गोल, १-१, आख्खं स्टेडियम उभं, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला. २-१ हरलो. मला आजही तो एक मिनिट डोळ्यांसमोर दिसतो, आनंद इतका मोठा होता की त्यातून बाहेर यायला वेळच मिळाला नाही.

लोकल मॅचमध्ये हेच रोज होतं. गोल झाला की पोरं कॉर्नर फ्लॅगपर्यंत पळतात, धापा टाकत परत येतात, कोणी बेंचकडे बघून हात हलवतोय, तोवर समोरच्यांनी किकऑफ घेतलेला.

उपाय असा. सेलिब्रेशन करा, मनापासून करा, ते हक्काचं आहे. पण परत येताना दोन्ही सेंटर बॅक आणि डिफेन्सिव्ह मिडफिल्डर एकमेकांना हात लावून, डोळ्यात बघून एकच वाक्य बोलतात, "दोन मिनिटं." त्याचा अर्थ पुढची दोन मिनिटं कोणीही बॅक पुढे जाणार नाही, कोणी एकट्याने प्रेस करणार नाही, म्हणजे बॉल हिसकवायला अंगावर धावणार नाही, बॉल मिळाला की साईडलाईनच्या बाजूने पुढे. आम्ही हे प्रॅक्टिसमध्ये पण करतो, प्रत्येक गोलनंतर. सुरुवातीला पोरं लाजायची, आता मी विसरलो तर तीच ओरडतात.

आपलाच कॉर्नर, आणि मागे कोण?

ह्यावर जरा जास्त लिहितो कारण आमचं सगळ्यात मोठं भोक इथे होतं.

मॅच १-१, चार-पाच मिनिटं राहिली, आपल्याला कॉर्नर मिळतो. बेंचवरून मीच ओरडायचो, "सगळे वर या, सगळे!" उंच सेंटर बॅक वर, राईट बॅक वर, मिडफिल्ड बॉक्समध्ये. कॉर्नर पहिल्या पोस्टच्या डिफेंडरने डोक्याने बाहेर काढला, बॉल त्यांच्या विंगरकडे, आणि आमच्या हाफमध्ये लेफ्ट बॅक एकटा, समोर दोघं. त्याने बॉलवाल्याला धरलं की दुसरा मोकळा, दुसऱ्याला धरलं की बॉलवाला थेट गोलवर. तिथे कोणताही प्लेयर उभा केला असता तरी तेच झालं असतं.

जगातल्या मोठ्या टीमचं पण असं झालंय. २०१८ वर्ल्डकप, जपान विरुद्ध बेल्जियम, जपान २-० वर होता, मग २-२, आणि इंज्युरी टाईममध्ये कॉर्नर मिळाला जपानला. कीपर कोर्टवाने तो हातात पकडला, लगेच डी ब्रॉयनाला सोडला, तो मधून पळत सुटला, उजवीकडे मुनियेला पास, त्याचा खाली क्रॉस, लुकाकूने पाय उचलून बॉल जाऊ दिला आणि मागून शाडलीने आत टाकला. साधारण दहा सेकंदांत ह्या बॉक्समधून त्या गोलमध्ये. जपान घरी. ती क्लिप पोरांना दाखवा, पण बॉलकडे न बघता, कॉर्नर मारताना जपानचे किती जण मागे होते ते मोजायला सांगा.

आता आकडा बघा. प्रोफेशनल फुटबॉलमध्ये शंभर कॉर्नर मारले तर साधारण तीन-चार गोल होतात. आपल्या लेव्हलला डिलिव्हरी कच्ची असते. एवढ्याशा फायद्यासाठी मागचं दार सताड उघडं टाकायचं हे मला वही बघेपर्यंत सुचलंच नव्हतं.

अकराच्या मॅचसाठी आमची मांडणी अशी झाली. बॉक्समध्ये पाच जण. एक कॉर्नर मारणारा. एक बॉक्सच्या बाहेर, डीच्या (बॉक्ससमोरच्या अर्धगोलाच्या) तोंडाशी, बाहेर आलेला बॉल एक तर परत मारायला नाहीतर फाऊल न करता अडवायला, हा तुमचा सगळ्यात हुशार प्लेयर पाहिजे, सगळ्यात जोरात मारणारा नको. आणि मागे, त्यांनी जितके पुढे ठेवलेत त्यापेक्षा एक जास्त. त्यांचे दोन तर आपले तीन, त्यांचा एक तर आपले दोन. हे मोजायचं काम एकाच माणसाचं, आमच्याकडे लेफ्ट बॅकचं. तो दोन बोटं वर करतो, म्हणजे समोर दोन आहेत, आणि तिसरा माणूस बॉक्समधून मागे येईपर्यंत कॉर्नर मारायचाच नाही. सेव्हन अ साईड टर्फवर मॅच असेल तर बॉक्समध्ये तिघं पुरेत, मागे दोघं, कारण टर्फ लहान असतो आणि कीपरचा एक थ्रो थेट आपल्या गोलसमोर येतो.

प्रॅक्टिसमध्ये हे असं करा: दहा कॉर्नर मारायचे, पण प्रत्येक कॉर्नरनंतर खेळ थांबवायचा नाही. डिफेन्स करणाऱ्यांना बॉल मिळाला तर त्यांना बारा सेकंदांत समोरच्या गोलवर शॉट मारायचाय. त्यांच्या शॉटला दोन पॉईंट, कॉर्नरवरच्या गोलला एक. पहिल्या दिवशी आमच्या अटॅकवाल्यांनी २ पॉईंट काढले आणि डिफेन्सवाल्यांनी १४. त्या एका संध्याकाळी पोरांना जे कळलं ते मी फळ्यावर महिनाभर सांगून कळलं नसतं.

शेवटची दहा मिनिटं

भारताचे फॅन असाल तर ही जखम तुम्हाला माहितीये. २०१९ आशिया कप, बहरीनविरुद्ध ड्रॉ झाला असता तरी पुढे गेलो असतो, इंज्युरी टाईममध्ये पेनल्टी, ०-१. त्याच वर्षी गुवाहाटीला ओमानविरुद्ध छेत्रीच्या गोलवर पुढे होतो, ८२व्या मिनिटाला बरोबरी आणि मग अगदी शेवटी दुसरा गोल. २०२४ ला परत गुवाहाटीलाच, अफगाणिस्तानविरुद्ध १-० वरून १-२, दुसरा गोल ८८व्या मिनिटाला पेनल्टीवर. आणि उलटंही होतं, त्याच २०२४ ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) सेमीफायनलमध्ये मुंबई सिटी गोव्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-२ मागे होती आणि ३-२ जिंकून आली. गोवावाल्यांना विचारा ती सात मिनिटं कशी गेली असतील.

शेवटी तीन गोष्टी एकदम होतात. पाय जड होतात, त्यामुळे लाईन आपोआप मागे सरकते. डोकं थकतं, त्यामुळे मार्किंग सुटतं. आणि घाई होते, बॉल मिळाला की लाथ मारून दिला, तो दहा सेकंदांत परत आला. तिसरी गोष्ट सगळ्यात घातक, कारण बॉल लांब मारला म्हणजे आपण वाचलो असं वाटतं.

दमण्याचं आधी बघू. आपल्याकडे ऑक्टोबरात आणि मार्चनंतर खाडीकडची जी दमट हवा असते त्यात घाम सुकतच नाही, अंग तापत राहतं. पोरं रिकाम्या पोटी नाहीतर उलट भरपेट मिसळ खाऊन येतात. मॅचच्या दोन-अडीच तास आधी पोहे, केळं, इडली असं काहीतरी हलकं, आणि हाफटाईमला ओआरएस, एका लिटरला एक पाकीट, नाहीतर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. नुसतं बर्फाचं पाणी घटाघटा पिऊ देऊ नका.

सब आधीच ठरवा. मी पूर्वी दमलेला माणूस दिसला की बदलायचो, म्हणजे गोल खाल्ल्यावर. आता दोन सब मॅचच्या साठ टक्के वेळेला ठरलेले, कोणी चांगला खेळत असला तरी. रोलिंग सब, म्हणजे बाहेर काढलेला प्लेयर परत उतरवायची मुभा, आहे की नाही हे टूर्नामेंटवाल्यांना आधी विचारून घ्या. आणि शेवटच्या पाच मिनिटांत, समोरच्यांच्या कॉर्नर किंवा फ्रीकिकच्या वेळी सब करू नका, नवीन आलेल्याला कोणाला मार्क करायचंय हेच माहीत नसतं. ही चूक मी दोनदा केलीये.

मग बॉल ठेवणं. पुढे असाल तर बॉल त्यांच्या कॉर्नर फ्लॅगकडे न्या आणि तिथे अंग मध्ये घालून धरा, फाऊल नाहीतर थ्रो मिळतो. थ्रोवर ऑफसाईड नसतो, म्हणून स्ट्रायकर डिफेन्सच्या मागे उभा राहू शकतो, हे निम्म्या पोरांना माहीत नसतं, शिकवा त्यांना. कीपरने बॉल पकडला की सगळ्यांनी वर चालत जायचं आणि मगच किक. पण २०२५ पासून कीपरने आठ सेकंदांपेक्षा जास्त बॉल हातात ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो, त्यामुळे कीपरला मनात मोजायची सवय लावा.

आणि बॉक्समध्ये पाय टाकू नका. शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीमध्ये मी बघितलंय, प्लेयर गोलकडे पाठ करून, कडेला जात असतो, काहीच धोका नसतो, आणि आपला दमलेला डिफेंडर मागून पाय घालतो. चारपैकी तीन पेनल्टी आत जातात. कडेला जाणाऱ्याला जाऊ द्या, फक्त त्याच्या आणि गोलच्या मध्ये उभे राहा, हात मागे.

हे सगळं तोंडाने सांगून होत नाही. प्रत्येक प्रॅक्टिसची शेवटची आठ मिनिटं आम्ही अशी खेळतो, एक टीम १-० पुढे, वेळ आठ मिनिटं, मी मोठ्याने मिनिटं सांगतो. दमल्यावरच खेळायचं, सुरुवातीला नाही. हरणाऱ्यांनी कोन, बिब्ज आणि बॉल उचलायचे. एवढ्याने पण पोरं जीव तोडून खेळतात.

बोलण्याबद्दल एक. आमच्या टीममध्ये मराठी, हिंदी, मल्याळम, सगळं चालतं, आणि प्रेशरमध्ये जो तो आपल्या भाषेत ओरडतो. तीन-चार शब्द ठरवून टाका, "बाहेर" म्हणजे सगळ्यांनी बॉक्समधून वर या, "मागे" म्हणजे तुझ्या मागे माणूस आहे, "टाईम" म्हणजे वळायला वेळ आहे. कीपर आणि एक सेंटर बॅक एवढेच ओरडतील. मी बेंचवरून ओरडायचं पूर्ण बंद केलंय, माझ्यामुळे त्यांना कीपर ऐकूच यायचा नाही.

दुसरा गोल

थोडक्यात हरण्याचं अर्धं कारण समोरच्या टोकाला असतं. आपण १-० झाल्यावर मागे बसतो आणि दुसरा मारायचं सोडून देतो, किंवा ०-१ झाल्यावर लांबून मारत सुटतो. तो पट्टा आठवा, त्याच्या बाहेरून मारलेले शॉट प्रॅक्टिसमध्ये मोजूच नका, मग पोरं आपोआप एक पास जास्त देतात. पेनल्टी कोण घेणार हे मॅचच्या आधी ठरलेलं पाहिजे, मैदानावर बॉल हिसकावून घेणं मी बघितलंय आणि तो चुकतोच.

हरल्यावर त्या दिवशी ग्रुपवर मॅचबद्दल एक शब्द नाही, हा आमचा नियम. सोमवारी वही. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला हरल्यावर अर्ध्या तासात जे बोललं जातं ते तो वर्षभर विसरत नाही.

ह्या सीझनच्या पहिल्या दहा मॅचमध्ये शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही एकच गोल खाल्लाय, आपल्या कॉर्नरवरून एकही नाही. चार मॅच हरलो, त्यातल्या दोन अजूनही ०-१. दोन्हीत मोठे चान्स आमचे जास्त होते, एकात पाच विरुद्ध दोन, म्हणून आता मंगळवारची पूर्ण प्रॅक्टिस फक्त फिनिशिंगची, पट्ट्याच्या आत, पहिल्या टचवर, डाव्या पायाने पण. वही आता लेफ्ट बॅककडे असते. परवा त्याने स्वतःहून एक रकाना वाढवलाय, कॉर्नर मारण्याआधी त्याने कितींदा थांबवलं. शेवटच्या मॅचसमोर लिहिलंय, ४.